जुनी बिल्ड सिस्टिम काढून टाकणे इतके अवघड का असते?

लिनक्सवरील सिस्टिमडी या प्रकल्पाची २३४ वी आवृत्ती जुलै २०१७ मध्ये आली, तेव्हा मेसन ही नवी बिल्ड सिस्टिम जुन्या ऑटोमेकच्या शेजारी येऊन बसली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात २३५ वी आवृत्ती आली आणि तीत ऑटोमेक उरलेले नव्हते. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात मात्र सीमेक ही नवी सिस्टिम २००८ मध्ये दाखल झाली आणि जुन्या ऑटोकॉन्फला गाशा गुंडाळायला जानेवारी २०१६ उजाडले. एकीकडे तीन महिने आणि दुसरीकडे सात वर्षांहून अधिक काळ. वरवर पाहता काम एकच आहे: काही फाइली नव्या लिहायच्या आणि काही जुन्या पुसायच्या. तरीही हे काम बहुतेक प्रकल्पांत वर्षानुवर्षे भिजत घोंगड्यासारखे पडून राहते. त्यामागची कारणे समजण्यासाठी बिल्ड सिस्टिम नेमके काय करते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय काय करते हे कुणालाच आठवत नसते, ते पाहावे लागेल.

प्रोग्रामर सोर्स कोड लिहितो आणि संगणक बायनरी चालवतो. या दोहोंच्या मध्ये कंपायलर असतो. एकाच फाइलीचा प्रोग्राम असेल तर कंपायलरला एक आज्ञा दिली की काम संपते. परंतु मोठ्या प्रकल्पात हजारो फाइली असतात, त्यांतील काही दुसऱ्या प्रोग्रामने तयार केलेल्या असतात, काही फक्त विशिष्ट यंत्रावर लागतात, आणि प्रत्येकीला कोणते पर्याय देऊन कंपाइल करायचे, कोणत्या बाहेरच्या लायब्ररी जोडायच्या, तयार झालेला माल शेवटी कोणत्या डिरेक्टरीत नेऊन ठेवायचा, हे सारे ठरलेले असावे लागते. ही ठरवाठरवी ज्या फाइलींत लिहिलेली असते आणि जी साधने ती वाचून अमलात आणतात, त्या सगळ्याला मिळून बिल्ड सिस्टिम म्हणतात.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे मेक. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिला. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे एकदा सांगून ठेवले की बदललेल्या फाइलींशी संबंधित तेवढेच भाग पुन्हा तयार करायचे, ही त्यामागची कल्पना इतकी साधी आणि उपयुक्त होती की ती आजही प्रत्येक बिल्ड सिस्टिमच्या पोटात आहे. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही, आणि या नियमाने नवशिक्यांच्या कितीतरी पिढ्यांना छळले आहे. फेल्डमन यांना ही चूक लवकरच उमगली होती, परंतु तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक त्यांचे मित्रच, आणि त्यांच्या मेकफाइली मोडू नयेत म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. डझनभर मित्रांच्या सोयीसाठी घेतलेला तो निर्णय पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे. बिल्ड सिस्टिममधील कोणतीही गोष्ट बदलणे अवघड का असते, याचे सगळे सार या टॅबमध्ये आहे, असे मला वाटते.

पुढे युनिक्सच्या अनेक कंपन्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि एकाच प्रोग्रामला प्रत्येकीवर थोडे थोडे वेगळे वागावे लागू लागले. एका यंत्रावर एखादे फंक्शन असे, दुसऱ्यावर नसे, तिसऱ्यावर असे पण बिघडलेले असे. यावर १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ हे उत्तर काढले. ऑटोकॉन्फ 'कॉन्फिगर' नावाची एक लांबलचक शेल स्क्रिप्ट तयार करून देते. ती स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या यंत्रावर चालते, छोटे छोटे चाचणी-प्रोग्राम लिहून ते कंपाइल करून पाहते, आणि मिळालेल्या उत्तरांवरून मेकफाइली व एक हेडर फाइल बनवते. ऑटोकॉन्फच्या जोडीला ऑटोमेक आणि लिबटूल ही भावंडे आली आणि या तिघांना मिळून ऑटोटूल्स म्हटले जाऊ लागले. आज ज्या सिस्टिम निवृत्त करण्याच्या गोष्टी चालतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा याच कुटुंबाचा आहे.

ऑटोटूल्सची टिंगल करण्याची आता पद्धत पडली आहे, म्हणून तिची एक खरी थोरवी आधीच नोंदवून ठेवतो. प्रकल्पाचा रिलीज टारबॉल, म्हणजे प्रत्येक आवृत्तीच्या फाइलींचे बांधलेले गाठोडे, उतरवून घेणाऱ्या माणसाकडे ऑटोटूल्स असण्याची गरजच नव्हती. शेल, मेक आणि कंपायलर असला की पुरे. सीमेक लागणार असेल तर आधी सीमेक हवे, आणि ते उभारायला सी++ कंपायलर हवा. मेसन लागणार असेल तर पायथन हवे. नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदाच संपूर्ण प्रणाली शून्यातून उभी करणाऱ्यांच्या दृष्टीने ही तक्रार क्षुल्लक नाही. मेसनच्या फाइली वाचू शकणारा म्यूऑन आणि मेसन ज्याच्याकडून प्रत्यक्ष बांधणी करवून घेते त्या निंजाची जागा घेऊ शकणारा सामुराई हे दोन प्रोग्राम सी भाषेत वेगळे लिहिले गेले. त्यांचे अस्तित्वच या तक्रारीत तथ्य असल्याची साक्ष देते.

मग बदलायचे तरी कशाला? पहिले कारण असे की जुनी सिस्टिम असे प्रश्न विचारत बसते ज्यांची उत्तरे आता सर्वत्र सारखीच आहेत. जे फंक्शन तीस वर्षांपासून प्रत्येक यंत्रावर आहे, ते आहे का, हे कॉन्फिगर स्क्रिप्ट प्रत्येक वेळी नव्याने तपासते, आणि या तपासण्या एकामागून एक चालत असल्याने लहान प्रकल्पांत कंपाइल होण्यापेक्षा चौकशीलाच अधिक वेळ लागल्याचे दृश्य दिसते. दुसरे कारण भाषांचे. ऑटोटूल्समधील एखादी चूक शोधायची तर एम४ ही मॅक्रो-भाषा, शेल आणि मेक या तिन्हींचे व्याकरण डोक्यात ठेवावे लागते, कारण एम४ मधून शेल निर्माण होते आणि शेलमधून मेकफाइल. प्रकल्पातील ज्या एकदोघांना हे जमते ते निघून गेले की उरलेले लोक त्या फाइलींना हात लावायला धजावत नाहीत आणि एखाद्या दुसऱ्या प्रकल्पातील तुकडा उचलून इथे चिकटवतात. तिसरे कारण विंडोजचे: तिथे युनिक्सचे शेल मुळात नसते, त्यामुळे अनेक प्रकल्प युनिक्ससाठी एक आणि विंडोजसाठी दुसरी अशा दोन बिल्ड सिस्टिम सांभाळत आले. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि त्यानंतरची २.७० थेट डिसेंबर २०२० मध्ये, ही गोष्टही लोकांच्या मनात शंका पेरून गेली.

एक कारण असे आहे जे २०२४ पर्यंत फारसे कुणी मोठ्याने बोलत नव्हते. त्या वर्षी २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या साधनात मागचा दरवाजा लपवलेला असल्याचे जाहीर केले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांना ही बाधा झाली होती. दरवाजा उघडणारी कळ बिल्ड सिस्टिममध्ये होती. प्रकल्पाच्या गिट भांडारात, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो तिथे, नसलेली, परंतु रिलीज टारबॉलमध्ये घातलेली एक बदललेली एम४ फाइल, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींतून विषारी कोड काढून लायब्ररीत मिसळत होती. भांडारात एक आणि टारबॉलमध्ये थोडे अधिक, हा फरक ऑटोटूल्सच्या जगात नेहमीचाच असतो, कारण तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि तिचे साहित्य टारबॉलमध्येच घालायचे असते, आणि ती हजारो ओळींची स्क्रिप्ट कुणी वाचत नाही. पण नवी सिस्टिम म्हणजे सुरक्षितता असा निष्कर्ष इथून काढू नये. त्याच प्रकल्पाच्या सीमेकच्या फाइलीत एका चाचणी-प्रोग्राममध्ये एक फालतू टिंब घुसवून ठेवलेले आढळले. त्या टिंबामुळे चाचणी-प्रोग्राम कधीच कंपाइल होत नसे, त्यावरून सिस्टिम असे समजे की या यंत्रावर लँडलॉक ही संरक्षक सोय उपलब्ध नाही, आणि ती सोय निमूटपणे वगळली जात असे.

ही टिंबाची गोष्ट घातपाताची आहे, परंतु अशाच स्वरूपाचा अपघात बिल्ड सिस्टिम बदलताना जवळजवळ हमखास होतो, आणि या विषयातील खरी अडचण तीच आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो.

कॉन्फिगर स्क्रिप्टच्या शेवटी जी हेडर फाइल तयार होते, तिच्यात 'अमुक फंक्शन आहे', 'तमुक हेडर आहे' अशा खुणा असतात. सोर्स कोडमध्ये जागोजागी लिहिलेले असते की ही खूण असेल तर हा चांगला, वेगवान किंवा सुरक्षित मार्ग घे, नसेल तर तो जुना साधा मार्ग घे. आता समजा, नवी सिस्टिम लिहिणाऱ्याने दोनशे तपासण्यांपैकी एकशे नव्याण्णव उतरवल्या आणि एक राहून गेली. काय होईल? काहीही होणार नाही. कंपायलर तक्रार करणार नाही, चाचण्या उत्तीर्ण होतील, प्रोग्राम चालेल. फक्त एखादे फंक्शन हळू चालेल, किंवा यादृच्छिक संख्या घेण्याचा चांगला स्रोत सोडून वाईट स्रोत वापरला जाईल, किंवा लॉगमध्ये मिलिसेकंदांऐवजी सेकंद दिसू लागतील. खूण नसणे आणि तपासणीच नसणे या दोन स्थितींत कोडला काही फरक कळत नाही. जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये जाताना जे तुटते ते लगेच सापडते आणि दुरुस्त होते. जे न तुटता बदलते ते दोन वर्षांनी कुठल्यातरी ग्राहकाच्या यंत्रावर उगवते.

न बोलता लागू होणारे पर्याय हा याचाच दुसरा अवतार. ऑटोकॉन्फ वापरकर्त्याने काहीही न सांगितल्यास जीसीसी या कंपायलरला मध्यम दर्जाचे ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करणे) आणि डीबग माहिती (चुका शोधायला लागणारी) असे दोन्ही पर्याय स्वतःहून देते. सीमेकला बांधणीचा प्रकार न सांगितल्यास ते ऑप्टिमायझेशनचा कोणताच पर्याय देत नाही, आणि मेसन न सांगता डीबग प्रकार धरते, ज्यात ऑप्टिमायझेशन बंद असते. त्यामुळे नवी सिस्टिम वापरून बघणाऱ्या पहिल्याच माणसाचा निरोप "प्रोग्राम पूर्वीपेक्षा कितीतरी हळू झाला आहे" असा येतो, आणि कोडमध्ये तर एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. त्यावर कुणी सीमेकला 'रिलीज' हा प्रकार सांगून मोकळा होतो, तेव्हा त्यासोबत असर्ट, म्हणजे प्रोग्राम चालताना गृहीतके तपासणाऱ्या ओळी, बंद करणारी खूणही लागू होते. जुन्या सिस्टिममध्ये ती कधीच लागत नसे. एखाद्या प्रोग्रामरने पूर्वी निष्काळजीपणे असर्टच्या कंसातच महत्त्वाचे काम करून घेतले असेल, तर ते काम आता होतच नाही. तसेच ३२-बिट यंत्रांवर दोन गिगाबाइटपेक्षा मोठ्या फाइली हाताळण्यासाठी एक खास खूण लागते. ऑटोकॉन्फमध्ये ती एका ओळीच्या मॅक्रोने येते, मेसन ती स्वतःहून लावते, सीमेक लावत नाही. ती एक ओळ कशासाठी आहे हे माहीत नसलेला माणूस भाषांतर करताना ती गाळतो, आणि त्याच्या ६४-बिट यंत्रावर त्याला काहीही फरक दिसत नाही.

लिबटूलचे आकडे हा तर स्वतंत्र धडा आहे. सामायिक लायब्ररीची आवृत्ती लिबटूलला तीन आकड्यांत सांगतात: चालू क्रमांक, सुधारणा-क्रमांक आणि वय. समजा, हे आकडे ७, २ आणि ३ आहेत. वाचणाऱ्याला वाटेल की फाइलीच्या नावात ७.२.३ येईल. प्रत्यक्षात लिनक्सवर चालू क्रमांकातून वय वजा होते आणि नाव ४.३.२ असे संपते. प्रोग्राम ज्या नावाने लायब्ररी शोधतात त्यात फक्त ४ असतो. मॅकओएसवर त्याच तीन आकड्यांतून फाइलीच्या आत ८ आणि ८.२ असे आणखी वेगळे क्रमांक कोरले जातात. नव्या सिस्टिममध्ये ही आकडेमोड आपोआप होत नाही, हव्या त्या संख्या स्पष्ट लिहाव्या लागतात. इथे चूक झाली तर ती आपल्या प्रकल्पात दिसत नाही. आपल्या लायब्ररीवर अवलंबून असलेले, आधीच कंपाइल झालेले, दुसऱ्यांचे प्रोग्राम सुरू होण्यास नकार देतात.

आणि इथेच कळते की बिल्ड सिस्टिम ही प्रकल्पाची अंतर्गत बाब नसते. तिचे गिऱ्हाईक बाहेर असतात आणि बहुतेकदा ते प्रकल्पाच्या चर्चेत बोलत नाहीत. लिनक्सच्या वितरणांसाठी पॅकेज बनवणाऱ्यांच्या स्क्रिप्ट कॉन्फिगरला दिलेल्या नेमक्या पर्यायांवर बेतलेल्या असतात. एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधणी करणारे लोक असतात. त्यांच्यापुढे अडचण अशी की चाचणी-प्रोग्राम कंपाइल करता आला तरी चालवून पाहता येत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी विस्तार लिहिणारे लोक तर पोस्टग्रेससोबत येणाऱ्या मेकफाइलींवरच आपली बांधणी उभी करतात. पोस्टग्रेसमध्ये मेसन आले तेव्हा हे विस्तार मोडू नयेत म्हणून मेसनकडून जुन्या पद्धतीची मेकफाइल तयार करवून घेण्याची सोय ठेवावी लागली. नवी सिस्टिम जुनीचे सोंग घेऊन उभी राहते, हे दृश्य गमतीचे वाटते खरे, पण ते सोंग घेतल्यामुळेच शेकडो विस्तारकर्त्यांना एकाच दिवशी आपले काम सोडून धावावे लागले नाही.

मग हे सारे हरवू न देता हलवायचे कसे? यात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते. दोन्ही सिस्टिमनी एकाच यंत्रावर, एकाच सोर्समधून बांधणी करायची आणि निकाल समोरासमोर ठेवायचे. प्रथम दोन्हींनी तयार केलेल्या खुणांच्या हेडर फाइली क्रमाने लावून त्यांतील फरक काढायचा, आणि प्रत्येक फरकाला कारण लिहून ठेवायचे: ही तपासणी राहून गेली, ही मुद्दाम गाळली कारण कोडमध्ये ती खूण आता कुठेच वापरली जात नाही, वगैरे. जुन्या प्रकल्पांत अशा मृत तपासण्या खूप निघतात आणि त्या काढून टाकण्याचे समाधान या कंटाळवाण्या कामातील थोड्या आनंदांपैकी एक आहे. त्यानंतर दोन्ही सिस्टिमना वेगवेगळ्या रिकाम्या डिरेक्टरीत स्थापना करायला लावून फाइलींच्या याद्या, त्यांच्या परवानग्या आणि लायब्ररींनी बाहेर उघड केलेली नावे जुळवायची. डिफोस्कोप नावाचे साधन दोन फाइलींच्या पोटात शिरून फरक दाखवते. ते इथे कामी येते. चाचण्या उत्तीर्ण झाल्या एवढे पाहून भागत नाही, किती चाचण्या चालल्या तो आकडा जुळला पाहिजे, कारण नव्या सिस्टिमच्या यादीत जी चाचणी घातलीच नाही ती कधी अनुत्तीर्ण होत नाही.

हा मधला काळ, म्हणजे जुनी आणि नवी अशा दोन्ही सिस्टिम नांदत असतात तो काळ, सर्वांत महाग असतो. नवी फाइल घालणाऱ्या प्रत्येकाला ती दोन ठिकाणी नोंदवावी लागते. तो एका ठिकाणी विसरतो, कारण स्वतः तो एकच सिस्टिम वापरत असतो, आणि दुसरी वापरणाऱ्याचे गाडे दुसऱ्या दिवशी अडते. काही महिन्यांत दोन्ही सिस्टिम एकमेकींपासून दूर सरकू लागतात: एखादी सोय हिच्यातच आहे, एखादी तिच्यातच. मग दोन्हींचे पाठीराखे तयार होतात आणि प्रत्येकाकडे आपली सिस्टिम का जाता कामा नये याचे खरेखुरे कारण असते. एलएलव्हीएमची सात वर्षे अशीच गेली. शेवटी ३.८ या आवृत्तीच्या नोंदींत ऑटोकॉन्फ कालबाह्य झाल्याचे आणि ३.९ मध्ये ते काढले जाणार असल्याचे स्पष्ट लिहिले गेले आणि तसे घडलेही. माझ्या मते अशा कामात सर्वांत प्रभावी हत्यार तारखेचे असते. "योग्य वेळी काढू" असे म्हटल्यावर तक्रारी येत नाहीत, कारण कुणी ते मनावर घेत नाही. "पुढच्या आवृत्तीत ही नसेल" असे लिहिल्यावर आजवर गप्प बसलेला मनुष्य पुढे येऊन आपली अडचण सांगतो, आणि ती अडचण कळणे हेच तर हवे असते.

सगळे एकदम काढायलाच हवे असेही नाही. पोस्टग्रेसकडे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १६ व्या आवृत्तीत चक्क तीन बिल्ड सिस्टिम होत्या: युनिक्ससाठी ऑटोकॉन्फ व मेक, विंडोजवरील व्हिज्युअल स्टुडिओसाठी पर्लमध्ये लिहिलेली खास व्यवस्था, आणि नवे मेसन. पुढच्या वर्षीच्या १७ व्या आवृत्तीत त्यांनी केवळ मधली काढली. तिचे गिऱ्हाईक थोडे आणि तिच्यापायी होणारा त्रास सर्वांना, म्हणून ती आधी गेली. ऑटोकॉन्फ त्या आवृत्तीत राहिले. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, पोस्टग्रेसमध्ये मेसन आणण्याच्या कामात पुढाकार घेणारे आंद्रेस फ्रॉइंड आणि एक्सझेडमधील दरवाजा शोधणारे आंद्रेस फ्रॉइंड ही एकच व्यक्ती आहे.

कधी कधी तारीख आपण ठरवत नाही, ती बाहेरून लादली जाते. पायथनने ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधण्याचे जुने साधन काढून टाकले. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीची स्वतःची बिल्ड सिस्टिम त्यावरच वाढलेली होती, आणि तिच्यावर सायपाय ही वैज्ञानिक गणनांची लायब्ररी अवलंबून होती. सायपायने हे आधीच ओळखून २०२२ मधील १.९.० आवृत्तीपासून मेसन धरले होते. नमपायने १.२६.० या आवृत्तीत तोच रस्ता घेतला, आणि ती सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पायथनच्या नव्या आवृत्तीच्या अगदी तोंडावर आली. पायाखालची फरशी काढली जाणार असल्याची सूचना मिळालेली असूनही हे काम किती शेवटच्या घटकेपर्यंत चालते, याचे हे उदाहरण आहे, आणि ते करणारे लोक त्या क्षेत्रातील उत्तम जाणकार होते.

नवी सिस्टिम कोणती निवडावी यावर लोक सर्वाधिक भांडतात, पण मला तो प्रश्न तुलनेने दुय्यम वाटतो. केडीई या डेस्कटॉप-प्रकल्पाने आपल्या चौथ्या पिढीसाठी आधी एसकॉन्स या सिस्टिमचा प्रयोग केला आणि २००६ मध्ये तो सोडून सीमेक घेतले. साधन कसे आहे याच्या जोडीला ते साधन बनवणारे लोक किती मदत करतात, याचाही तिथे मोठा वाटा होता. सीमेक बनवणाऱ्या किटवेअरने केडीईच्या गरजांप्रमाणे बदल करून दिले. केडीई ज्यावर उभे आहे त्या क्यूटीनेही क्यूबीएस नावाची स्वतःची सिस्टिम काढून पाहिली आणि अखेर सहाव्या पिढीत सीमेकच धरले. याच्या उलट अनुभव जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड या प्रकल्पाचा आहे. क्रोमियम या ब्राउझरसाठी गुगलने बनवलेली जीवायपी ही सिस्टिम त्याने घेतली होती. क्रोमियम पुढे जीएन या दुसऱ्या सिस्टिमकडे गेले आणि जीवायपी मागे सोडून दिले, तेव्हा नोडच्या मंडळींना तिची शाखा काढून स्वतःच सांभाळत बसावे लागले. एका प्रकल्पात निवृत्त झालेली सिस्टिम दुसऱ्या प्रकल्पाच्या गळ्यात पडते ती अशी.

शेवटचा पॅच, म्हणजे बदलांचा गठ्ठा, ज्यात सगळ्या जुन्या फाइली पुसल्या जातात, तो पाहायला फार देखणा असतो: हजारो ओळी वजा आणि अधिक जवळजवळ काहीच नाही. तो एका वेगळ्या कमिटमध्ये (भांडाराच्या इतिहासातील नोंदीत) असावा, त्यात दुसरा कोणताही बदल मिसळू नये, म्हणजे काही विसरल्याचे उद्या लक्षात आले तर जुनी फाइल इतिहासातून उघडून पाहता येते. स्थापनेची माहिती देणारी कागदपत्रे आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची यंत्रणा त्याच्या आधीच बदललेली असावी. त्यानंतरही काही आठवडे "कॉन्फिगर कुठे गेले?" असे विचारणारे येत राहतात, कारण 'कॉन्फिगर करा, मग मेक करा' ही दोन पावले लोकांच्या बोटांत बसलेली आहेत. दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामने डिसेंबर २०२० मधील ५.२ या आवृत्तीत मेसनकडे जाताना या बोटांचा विचार केला. तिथे कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट जागेवरच राहिली. ती काही गोष्टी तपासते आणि मग मेसनला हाक मारते. त्यानंतर 'मेक' म्हटले की ती आज्ञा निंजाकडे पोहोचते, आणि वापरणाऱ्याला पूर्वीचीच दोन पावले टाकावी लागतात.